सौद्यातला माणूस : पीट मॅराविच

बास्केटबॉल हा काही आपल्या मातीतला खेळ नव्हे. आमच्या गावात कबड्डी आणि खो-खो, फार तर टेनिसच्या चेंडूने क्रिकेट. कॉलेजात दाखल झालो तेव्हा जिमखान्याच्या मागे सिमेंटचे मैदान दिसले. त्याच्या दोन टोकांना दोन खांब आणि खांबांवर लोखंडी रिंगा होत्या. त्यातली एक रिंग जरा खाली झुकलेली होती, ती आजही तशीच आहे. माझी उंची बरी म्हणून जिमखान्याच्या सरांनी मला त्या मैदानात ओढले, आणि तेव्हापासून संध्याकाळचा एक तास मी तिथे असतो. आमचा संघ आंतर-महाविद्यालयीन स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाद होतो, हे या अंकाच्या जिमखाना अहवालात वाचकांना दिसेलच. असो.

जिमखान्याच्या फलकावर एका वर्तमानपत्राचे कात्रण लावलेले आहे. मार्च २०२४ मधले. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या केटलिन क्लार्क या मुलीने कॉलेज बास्केटबॉलमधील सर्वाधिक गुणांचा विक्रम मोडला, अशी ती बातमी. चौपन्न वर्षे टिकलेला तो विक्रम ज्याच्या नावावर होता त्याचा उल्लेख बातमीच्या शेवटच्या ओळीत आहे. पीट मॅराविच, ३६६७ गुण. क्लार्कला चार वर्षे मिळाली आणि लांबून टाकलेल्या चेंडूला तीन गुण मिळण्याची सोय मिळाली. मॅराविचला तीनच वर्षे मिळाली, आणि त्याच्या काळी रिंगच्या खालून टाका की अर्ध्या मैदानातून टाका, गुण दोनच. त्या मुलीची थोरवी यामुळे तिळभरही कमी होत नाही. पण हा तीन वर्षांचा माणूस कोण, हे मला जाणून घ्यावेसे वाटले. सरांना विचारले, मग मिळेल ते वाचत गेलो. वाचता वाचता त्याच्या गुणांपेक्षा त्याच्या आयुष्यात झालेल्या एका सौद्यानेच मला जास्त घेरले. का घेरले ते पुढे ओघात येईल.

पीटचा जन्म २२ जून १९४७ चा. गाव पेनसिल्व्हानिया राज्यातले अ‍ॅलिक्विपा. पोलादाच्या कारखान्यांचे गाव. आजोबा-आजी सर्बियन वंशाचे, पोटासाठी आलेले. अशा घरातल्या मुलाने कारखान्याच्या भोंग्यावर उठावे आणि भोंग्यावर घरी यावे, ही तिथली रीत. पीटचे वडील प्रेस मॅराविच हे त्या रीतीतून निसटले ते बास्केटबॉलच्या जोरावर. खेळतो म्हणून कॉलेज मिळाले. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलाचे वैमानिक होते. परत आल्यावर थोडे दिवस व्यावसायिक संघांतून खेळले. परंतु तेव्हा त्या धंद्यात पैसा नव्हता आणि त्यांचे वयही निघून चालले होते. मग ते प्रशिक्षक झाले, आणि जे आपल्याला साधले नाही ते मुलाकडून साधून घ्यायचे त्यांनी ठरवले.

ते कसे साधून घेतले याच्या कथा अमेरिकेत अजून सांगतात. पोरगा चेंडू उशाशी घेऊन झोपे. चित्रपटगृहात कडेची खुर्ची धरून बसे आणि काळोखात पडद्याकडे पाहत मधल्या वाटेत चेंडू आपटत राही. वडील हळूहळू मोटार चालवत आणि हा दारातून बाहेर वाकून रस्त्यावर चेंडू आपटत जाई. वडील वेग कमीजास्त करीत, त्याप्रमाणे याने हात चालवायचा. लहानपणी हातांत बळ नव्हते म्हणून चेंडू कमरेजवळून उचलून फेकायचा, जणू कंबरेचे पिस्तूल काढावे तसा. त्यावरून पिस्टल पीट हे नाव पडले ते जन्मभर चिकटले. हडकुळे शरीर, कपाळावर येणारे केस आणि घोट्यावर लोंबणारे सैल मोजे. हे मोजे पुढे त्याची खूणच झाले.

या साऱ्यात मुलाला काय हवे होते, असा प्रश्न मला पडला. त्याचे उत्तर सोपे नाही. त्याला चेंडू मनापासून आवडे, यात शंका नाही. पण आवड कुठे संपते आणि बापाची आज्ञा कुठे सुरू होते, हे त्या वयात कोणाला कळते?

१९६६ मध्ये प्रेस यांना लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत प्रशिक्षकाची जागा मिळाली आणि त्यांच्याबरोबर पीटही बॅटन रूज या गावी त्या विद्यापीठात आला. तिथे फुटबॉलचा मोठा मान. अमेरिकन फुटबॉल, आपला नव्हे. बास्केटबॉलला कोणी विचारीत नसे. प्रेस यांच्या पहिल्या वर्षी संघाने २६ सामन्यांपैकी फक्त ३ जिंकले. पीट त्या वेळी बाहेर होता, कारण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघात घ्यायचे नाही असा तेव्हा नियम होता. दुसऱ्या वर्षी तो संघात आला आणि संघाने १४ सामने जिंकले. त्यांचे सामने जिथे होत ती इमारत मुळात गुराढोरांच्या प्रदर्शनासाठी बांधलेली होती, म्हणून लोक तिला गाईंचा राजवाडा म्हणत. या गाईंच्या राजवाड्यात पाय ठेवायला जागा मिळेना. तीन वर्षांत ८३ सामने, ३६६७ गुण, सरासरी ४४.२. अठ्ठावीस वेळा त्याने एका सामन्यात पन्नास किंवा त्याहून अधिक गुण केले. आमचा सगळा संघ मिळून एका सामन्यात चाळीस गुण करतो तेव्हा आम्ही एकमेकांना मिठ्या मारतो, म्हणून हे आकडे मी दोनदा तपासून लिहिले.

तरीही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. एवढे गुण करूनही त्याच्या संघाला राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धेत तीन वर्षांत एकदाही प्रवेश मिळाला नाही. एकटा माणूस गुण करतो आणि संघ हरतो, हा ठपका तिथूनच त्याच्या मागे लागला. बापाने त्याला चेंडू वारंवार टाकण्याची मोकळीक दिली होती, हेही त्यात आले.

आता सौद्याकडे वळण्यापूर्वी अमेरिकेतली एक पद्धत समजावून सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचे काही उमगणार नाही. तिथे कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूने आपल्या मनाने संघ निवडायचा नसतो. दर वर्षी हंगाम संपला की सारे व्यावसायिक संघ पाळीपाळीने नव्या पोरांची निवड करतात. याला ड्राफ्ट म्हणतात. जो संघ सर्वांत जास्त हरला त्याची पाळी साधारणपणे सर्वांत आधी, म्हणजे दुबळ्याला चांगला खेळाडू मिळावा. इथवर न्यायाचे आहे. पण गंमत अशी, की ही पाळीच विकता येते! उद्याची, परवाची, चार वर्षांनंतरची पाळी आजच दुसऱ्या संघाला देऊन त्याच्याकडचा तयार खेळाडू घेता येतो. आपल्या भाषेत सांगायचे तर बैलबाजारात एकाने दावणीचा चालता बैल द्यायचा, आणि मोबदल्यात समोरच्याच्या गाईंना पुढल्या वर्षी आणि त्याच्या पुढल्या वर्षी होतील ती वासरे घ्यायची. वासरू खोंड निघेल की कालवड, जगेल की मरेल, कोणाला ठाऊक? वर आणखी एक तिढा असा, की समोरच्याची शेती जितकी बुडेल तितके तुमचे वासरू चांगले. म्हणजे बैल देऊन झाल्यावर त्या बैलाने तिकडे नीट काम करू नये, अशी इच्छा मनात धरून बसायचे.

ज्या संघाची माणसे थकली आणि जिंकण्याची आशा संपली, तो संघ असा सौदा करतो. जुने जाणते खेळाडू देऊन टाकायचे, दोन-तीन वर्षे मार खायचा आणि येणाऱ्या पोरांवर नवी बांधणी करायची. कागदावर हे फार शहाणपणाचे दिसते.

१९७० च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर अटलांटा हॉक्स या संघाने पीटला घेतले. ही तिसरी पाळीदेखील त्यांची स्वतःची नव्हती. सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाकडून अदलाबदलीत आलेली होती. म्हणजे या धंद्यात पीटचे पहिले पाऊल पडले तेच एका सौद्याच्या वाटेने. हॉक्स हा काही दुबळा संघ नव्हता. त्याच हंगामात त्यांनी ४८ सामने जिंकले होते. वर्षानुवर्षे एकत्र खेळलेली, घाम गाळून तयार झालेली माणसे होती. त्यांच्यात हा बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा आला तो पाच वर्षांचे सुमारे वीस लाख डॉलर ठरवून. जो कॅल्डवेल नावाचा एक मुरलेला खेळाडू वाढीव पैसे मागत होता. त्याला ते मिळाले नाहीत, तो दुसऱ्या लीगमध्ये निघून गेला. संघातले बरेचसे जुने खेळाडू कृष्णवर्णीय, आणि हा गोरा पोरगा दक्षिणेतल्या शहरात तिकिटे खपवण्यासाठी आणलेला, अशी भावना झाली तर नवल कसले? पीटच्या पाठीमागून दिलेल्या अवघड पासाला बेसावध असणाऱ्यांना चेंडू कधी कधी तोंडावर बसे. पहिल्या वर्षी हॉक्सचे विजय ४८ वरून ३६ वर आले.

मला इथे त्या जुन्या खेळाडूंची बाजू पटते, आणि पीटचीही पटते. आपली किंमत आपण ठरवलेली नसताना त्या किमतीचा राग आपल्यावर निघावा, हे त्याने करायचे तरी काय?

चार वर्षे तो अटलांटात खेळला. शेवटच्या वर्षी त्याची सरासरी २७.७ होती, साऱ्या लीगमध्ये दुसरी. पण संघ हरत होता, प्रशिक्षकाशी त्याचे बिनसले होते आणि दारूही वाढली होती. तेव्हा मालक आणि व्यवस्थापकांनी ठरवले, की मोडायचे आणि नवे बांधायचे.

त्याच वेळी न्यू ऑर्लिन्सला एक नवा संघ उभा राहत होता. जॅझ. लीगमधला अठरावा संघ. नव्या संघाजवळ काहीच नसते. ना खेळाडू ना प्रेक्षक. पण न्यू ऑर्लिन्स हे लुइझियानात, आणि लुइझियानात पीट मॅराविच म्हणजे घराघरातला मुलगा! त्याच्या नावावर तिकिटे खपणार हे उघड होते. मे १९७४ मध्ये सौदा झाला. अटलांटाने पीट दिला. बदल्यात दोन अनुभवी खेळाडू आणि जॅझच्या येणाऱ्या पाळ्या घेतल्या: १९७४ ची पहिल्या फेरीची, १९७५ ची पहिल्या फेरीची, आणि वर काही दुसऱ्या फेरीच्या. ज्या संघाने अजून एकही सामना खेळलेला नव्हता त्याच्या पाळ्या! तो संघ तळाला जाणार हे आंधळ्यालाही दिसत होते. म्हणून त्या पाळ्या सोन्याच्या होत्या.

पीट तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. चार हंगाम अंगावर घेतलेला, म्हणजे त्या धंद्यात जाणता. त्याच्या जागी यायची होती ती पोरे अजून कुठल्या तरी कॉलेजच्या वर्गात बसलेली होती. त्यांना ठाऊकही नव्हते की आपल्यासाठी कोणीतरी आधीच दिला गेला आहे.

हे वाक्य लिहिताना माझा हात थांबला होता. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. आई-वडील शाळेत फारसे गेले नाहीत. दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, आणि दहावीला त्याला माझ्यापेक्षा जास्त गुण होते, हे मी इथे लेखी देऊन ठेवतो. त्या वर्षी विहीर आटली होती आणि सोसायटीचे कर्ज थकले होते. घरात रात्री बोलणे झाले. मी जेवण करून गोधडीत पडलो होतो, झोपलो नव्हतो. एकाने कामाला लागायचे आणि एकाने शिकायचे, असे ठरले. शिकायचे ते धाकट्याने, कारण तो लहान आहे आणि तोवर दिवस पालटतील. दादाला कोणी विचारले नाही. मलाही कोणी विचारले नाही. दुसऱ्या सोमवारी तो तालुक्याच्या गॅरेजात कामाला लागला आणि तिथेच आहे. माझी वसतिगृहाची फी तिथून येते. तेव्हा अटलांटाच्या लोकांनी चूक केली की बरोबर केले, याचा निवाडा करायला मी बसू शकत नाही. मी त्या पाळीतला पोरगा आहे.

अटलांटाच्या वाट्याला काय आले ते पाहा. १९७४ च्या पाळीत त्यांनी माइक सोजर्नर नावाचा खेळाडू घेतला. तो तीन हंगाम खेळला आणि विस्मृतीत गेला. खरा दाणा पुढच्या वर्षीचा होता. अपेक्षेप्रमाणे जॅझ आपल्या पहिल्या हंगामात ८२ पैकी ५९ सामने हरले आणि त्यांची पाळी १९७५ मध्ये साऱ्या ड्राफ्टमध्ये पहिली ठरली. त्या पाळीवर अटलांटाने डेव्हिड थॉम्पसनला निवडले. उत्तर कॅरोलिनाचा तो तरुण, उडी अशी की जमिनीशी नाते तुटल्यासारखे वाटावे. स्वतःच्या तिसऱ्या पाळीवर त्यांनी मार्विन वेब्स्टर हा उंचापुरा खेळाडू निवडला. नव्या बांधणीचे दोन्ही खांब उभे राहिले, असे अटलांटाला वाटले असेल. पण त्या वेळी अमेरिकेत दुसरी एक प्रतिस्पर्धी लीगही चालू होती, आणि तिच्यातल्या डेन्व्हर संघाने याच दोघांना बोलावले. दोघेही डेन्व्हरला गेले. दोघेही! ज्या पोरासाठी पीट मॅराविच दिला, त्या पोराने अटलांटाचा सदरा म्हणून कधी अंगात घातला नाही. अटलांटा पुढचे दोन हंगाम तळाशीच राहिले.

दिवाळीच्या सुटीत मी ही सारी हकिकत दादाला सांगितली. तो ट्यूबला ठिगळ लावीत होता. त्याने पीटबद्दल काही विचारले नाही. तो जो पोरगा दुसरीकडे गेला, त्याचे पुढे काय झाले, एवढेच विचारले. मी सांगितले, की तो फार मोठा खेळाडू झाला, १९७८ मध्ये त्याने एका सामन्यात ७३ गुण केले, मग व्यसनाने घात केला. दादाने ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का ते पाहिले आणि माझी परीक्षा कधी आहे ते विचारले.

इकडे न्यू ऑर्लिन्सला पीटचे काय झाले? हंगामाच्या तोंडावर, ऑक्टोबर १९७४ मध्ये, त्याच्या आईने आत्महत्या केली. वडिलांच्या आणि मुलाच्या त्या चेंडूच्या वेडात या बाईसाठी घरात किती जागा उरली होती, असा विचार मनात येतो. याहून जास्त लिहिण्याचा मला अधिकार नाही. जॅझजवळ तेव्हा धड मैदानही नव्हते. एका कॉलेजच्या सभागृहात सामने होत, तिथे खेळण्याची जागा एवढ्या उंचीवर होती की खेळाडू खाली पडू नयेत म्हणून भोवती जाळी लावावी लागली. १९७५ मध्ये सुपरडोम हे प्रचंड छत असलेले स्टेडियम उघडले आणि संघ तिथे गेला.

तिथेच २५ फेब्रुवारी १९७७ ला न्यूयॉर्कच्या संघाविरुद्ध पीटने ६८ गुण केले. त्या हंगामात ३१.१ च्या सरासरीने तो साऱ्या लीगमध्ये पहिला आला. तीस वर्षांचाही नव्हता. आता घडी बसली, असे वाटण्याजोगा तो काळ. पण जॅझने आपल्या पाळ्या अटलांटाला दिल्या होत्या, म्हणजे पीटच्या भोवती उभे करायला नवी पोरे नव्हती. पीटची किंमत पीटलाच चुकवावी लागत होती, असा हा पेच.

मग जॅझने उलटी चूक केली. १९७६ मध्ये त्यांनी लॉस एंजेलिस लेकर्सकडचा गेल गुडरिच हा तेहतीस वर्षांचा खेळाडू पीटच्या जोडीला आणला. नाणावलेला, पण उतरणीला लागलेला. तेव्हाच्या नियमाप्रमाणे दुसऱ्याचा खेळाडू घेतला की भरपाई द्यावी लागे. जॅझने भरपाईत पुन्हा पाळ्याच दिल्या, त्यात १९७९ ची पहिल्या फेरीचीही. गुडरिच पायाच्या दुखापतीने पहिल्या हंगामात २७ सामन्यांपलीकडे खेळू शकला नाही, आणि १९७९ मध्ये निवृत्त झाला. त्याच वर्षी जॅझ तळाला गेले आणि त्यांची ती पाळी पहिल्या क्रमांकाच्या लायकीची झाली. शिकागो आणि लॉस एंजेलिस यांच्यात नाणेफेक झाली. ती लॉस एंजेलिसने जिंकली आणि मॅजिक जॉन्सनला घेतले. पुढच्याच वर्षी ते अजिंक्य ठरले. लेकर्सने थकलेला माणूस देऊन युगाचा खेळाडू मिळवला. अटलांटाने तरणा माणूस देऊन रिकामी ओंजळ मिळवली. सौदा दोन्हीकडे एकाच जातीचा. दैव म्हणायचे ते यालाच, असे आमच्या आजीने म्हटले असते.

पीटचा गुडघा ३१ जानेवारी १९७८ ला गेला. पायांच्या मधून एक लांब पास देण्यासाठी त्याने उडी घेतली आणि उतरताना गुडघा फिरला. साधा पास देऊन भागले असते, असे कोणी म्हणेल. पण साधे करायला त्याला कधी शिकवलेच नव्हते. त्यानंतर तो पूर्वीसारखा धावला नाही. १९७९ मध्ये संघच न्यू ऑर्लिन्स सोडून युटा राज्यात गेला. तिथल्या प्रशिक्षकाचा दंडक असा, की सरावाला न येणारा सामन्यालाही नाही. पीटचा गुडघा सराव सोसत नव्हता. सतरा सामने खेळून तो बाकावर बसला, चोवीस सामने बसूनच राहिला, आणि जानेवारी १९८० मध्ये संघाने त्याला मोकळे केले.

मोकळे केले म्हणजे कशाच्याही बदल्यात नाही. सहा वर्षांपूर्वी ज्याच्यासाठी दोन खेळाडू आणि पाळ्यांचा गठ्ठा दिला, त्याच्यासाठी आता कोणी एक दुसऱ्या फेरीची पाळीसुद्धा देईना. बोस्टन सेल्टिक्सने त्याला घेतले ते फुकट. तिथे लॅरी बर्ड नावाचा पहिल्या वर्षाचा खेळाडू होता आणि संघ जोरात होता. पीट त्यांच्याकडून २६ सामने खेळला. बहुतेक वेळ तो बदली खेळाडू असे. गंमत म्हणजे लांबून टाकलेल्या चेंडूला तीन गुण देण्याचा नियम लीगमध्ये आला तो नेमका याच वर्षी. पीटने त्या हंगामात असे पंधरा प्रयत्न केले आणि त्यांतले दहा रिंगमध्ये गेले. त्या वर्षी बोस्टनचा संघ उपांत्य टप्प्यात हरला. पुढच्या हंगामाच्या तोंडावर पीट निवृत्त झाला, आणि त्याच हंगामात बोस्टनने अजिंक्यपद मिळवले. दहा हंगाम, ६५८ सामने, १५,९४८ गुण. अजिंक्यपद एकही नाही.

नंतरची दोन वर्षे त्याने स्वतःला घरात कोंडून घेतल्यासारखी काढली. मन कुठेच ठरेना. शाकाहार झाला, उडत्या तबकड्यांचा नाद झाला. योगाभ्यास आणि हिंदू धर्मविचारही त्याने चाळून पाहिले, हे वाचून मला एकदम तो जवळच्या गावातला वाटला. अखेर १९८२ मध्ये ख्रिस्ती श्रद्धेत त्याला थारा मिळाला. दारू सुटली. तो मुलांची शिबिरे घेऊ लागला आणि वडिलांनी शिकवलेले सरावाचे प्रकार त्याने चित्रफितींत उतरवले. बाप-लेकांचे जे काही देणेघेणे होते ते या काळात फिटले असावे, कारण प्रेस कर्करोगाने खंगत होते तेव्हा पीट त्यांच्यापाशी होता. एप्रिल १९८७ मध्ये ते गेले. पुढच्याच महिन्यात बास्केटबॉलच्या मानवंत खेळाडूंच्या यादीत पीटचे नाव समारंभाने चढवले गेले. ज्यांनी ते तीस वर्षांपूर्वी योजले होते त्यांना महिनाभर कमी पडला.

५ जानेवारी १९८८ च्या सकाळी कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना गावी, एका चर्चच्या व्यायामशाळेत, पीट काही ओळखीच्या मंडळींबरोबर सहज खेळत होता. सामना नव्हता, तिकीट नव्हते. खेळ जरा थांबला असताना तो कोसळला. वय चाळीस. शवचिकित्सेत आढळले, की हृदयाला रक्त पुरवणाऱ्या दोन मुख्य वाहिन्यांपैकी डावी त्याला जन्मापासूनच नव्हती. उजवी एकटीच मोठी होऊन दोघींचे काम करीत आली होती. असा माणूस दहा वर्षे व्यावसायिक खेळ खेळलाच कसा, याचे डॉक्टरांना आश्चर्य वाटले. इतक्या वेळा त्याची किंमत ठरली. मालकांनी ठरवली, व्यवस्थापकांनी ठरवली, त्याच्या गुडघ्याची तपासणी झाली, आणि ही गोष्ट कोणालाच दिसली नव्हती.

१९९६ मध्ये लीगच्या पन्नास वर्षांतल्या पन्नास श्रेष्ठ खेळाडूंची नावे जाहीर झाली. त्या पन्नासांत हयात नसलेला तेव्हा तो एकटाच होता.

तो गेला त्या वर्षीच लुइझियाना विद्यापीठाच्या मोठ्या क्रीडागृहाला त्याचे नाव दिले, आणि २०२२ मध्ये त्याच्या दारात पुतळाही उभा राहिला. त्या क्रीडागृहात पीट विद्यापीठाकडून एकही सामना खेळलेला नाही. ते उघडले १९७२ मध्ये. तोवर तो अटलांटाला होता. त्याचे सामने झाले ते अलीकडच्या त्या गुरांच्या प्रदर्शनाच्या इमारतीत. जिमखान्याच्या फलकावरचे कात्रण गेल्या पावसात भिजून त्याची खालची कड सुटली होती, नेमकी त्याच्या नावाची ओळ होती तिथे. मी ती डिंकाने पुन्हा चिकटवली आहे.